मी लिहून दिले: काळजीचे कारण नाही

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारले, आजी, तुझ्या मागे स्वयंपाकघरात आता कोणी दिसत नाही, पाटवड्या करणारी मावशी कुठे गेली? मी म्हटले, नातेवाइकांकडे गेली. ते खरे होते, पण पुरते नव्हते. फोन ठेवल्यावर मला बरे वाटले नाही. तुम्ही आता लहान नाही.

लिहिण्याआधी मी तिला फोन करून विचारले. ती म्हणाली, "लिवा जी. तुमच्या लेकरायले माहीत झालं तं काय होते? फक्त नाव नोका टाकू." म्हणून तिचे नाव नाही. आणि तिचे नाही तर कोणाचेच नको.

मराठी तुम्ही सावकाश वाचता, म्हणून मी सोपे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणे तुम्हाला सोयीचे झाले असते. पण या प्रकरणात माझ्या इंग्रजीने जे केले ते पाहता मला ती भाषा इथे नको वाटली.

आपल्या गल्लीत, आणि गल्लीबाहेरही, इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे तेव्हापासूनची ही रीत. विम्याचे पत्र, कोर्टाचे पाकीट, मुलाच्या नोकरीची ऑर्डर, सोनोग्राफीचा रिपोर्ट. माणूस समोरच्या खुर्चीत बसतो. मी चष्मा लावते, कागद एकदा पुरता वाचते, मग एक आखीव कागद मधोमध दुमडून फाडते. त्या अर्ध्या कागदावर मराठीत चार ओळींत सार लिहायचे, खाली तारीख आणि सही करायची, आणि टाचणीने मूळ कागदाला जोडून द्यायचे. तुमचे आजोबा आतल्या खोलीतून विचारायचे, "लागला का निकाल?" ते चिडवत असत, पण त्यांचे बरोबर होते. लोक तो अर्धा कागद सार म्हणून नेत नसत, निकाल म्हणूनच नेत. मला ते कळत होते आणि आवडतही होते.

ती माझ्याकडे नऊ वर्षे होती. नदीपलीकडे कारध्याला भावाच्या घरी राहायची. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, मूलबाळ नव्हते. सकाळी आठला पूल ओलांडून माझ्याकडे यायची आणि अकरानंतर दुसऱ्या एका घरी जायची. तुमचे आजोबा गेल्यापासून या घरात माणसाचा आवाज असायचा तो त्या तीन तासांत. ती माझ्याशी फारसे बोलायची नाही. भांड्यांशी बोलायची. तव्याला म्हणायची, "तापत काहून नाई गा तू? राती झोपला नाई काय?" मी बाहेर पेपर वाचत बसायचे आणि ते ऐकायचे.

दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत, ती पाच दिवस आली नाही. कापणीला गेली असेल, पण सांगून जायला काय होते, म्हणून मी मनात रागावले होते. सहाव्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. मनगटाला पट्टी होती.

"पडलीस का?" मी विचारले.

"हो जी."

चहा झाल्यावर तिने कापडाच्या दुकानाची एक पिशवी माझ्यापुढे टेबलावर ठेवली. "दवाखान्याचे कागद हायेत. वाचून द्या," म्हणाली, आणि कांदा चिरायला बसली. मी चष्मा लावला.

वरच्या कागदावर सरकारी दवाखान्याचा शिक्का होता आणि त्याखाली डॉक्टरच्या अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती. तिच्यावर बलात्कार झाला होता हे मला त्या ओळीतून कळले. ती माझ्या पाठीमागे पाटावर बसून कांदा चिरत होती. सुरीचा आवाज मला ऐकू येत होता. तिला ते तोंडाने सांगायचे नव्हते, म्हणून तिने कागद पुढे केला होता. आज मला हे दिसते. तेव्हा मला एवढेच दिसले की तिला कागद वाचून हवे आहेत.

तो माणूस तिच्या भावाच्या ओळखीचा होता. पोलिसांत तक्रार झाली, तो आत आहे, खटला चालू आहे. त्याच्याविषयी मी इथे एवढेच लिहीन.

मी रडले नाही. उठून तिच्याजवळ गेले नाही. मी पेनचे टोपण काढले. मला नीट येणारी एकच गोष्ट समोर होती आणि मी ती करायला घेतली. कागद तारखेप्रमाणे लावले. रक्ताच्या तपासण्या होत्या, एचआयव्ही, गुप्तरोग, कावीळ, आणि लघवीची एक, दिवस गेले आहेत का ते पाहणारी. चारही ठिकाणी दोष नाही असेच लिहिले होते. मी प्रत्येक शब्द दोनदा वाचला. शेवटच्या चिठ्ठीवर घाईत खरडलेले थोडे होते. एका औषधासाठी तीन मोठी अक्षरे होती, ती मला माहीत नव्हती. त्यापुढे सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने असे आकडे होते. डॉक्टर प्रत्येक कागदावर पुन्हा दाखवायला या असे लिहितातच, तसे ते असेल असे मी धरले. परीक्षेत न येणारा प्रश्न मुले सोडून देतात, तशी मी ती तीन अक्षरे सोडून दिली. चाळीस वर्षे मी मुलांना त्याबद्दल बोलत आले.

मग अर्धा कागद फाडला आणि लिहिले: सर्व तपासण्या झाल्या. एचआयव्ही नाही. गुप्तरोग नाही. कावीळ नाही. गर्भ नाही. काळजीचे कारण नाही. खाली तारीख आणि सही केली.

"सगळं नीट आहे," मी म्हटले. "काही झालेलं नाही."

सुरीचा आवाज थांबला. "काहीच नाई झालं?"

"काहीच नाही."

मग तिने कांद्याची साले गोळा केली आणि म्हणाली, "बरं जी."

दुसऱ्या दिवशी ती जरा मोकळी वाटली. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "वैनीनं ताट येक केलं जी." मला कळेना. मग तिने सांगितले. दवाखान्यातून आल्यापासून भावजयीने तिला ताट आणि गिलास वेगळा काढून दिला होता. जेवायला ती छपरीत बसायची, भावाची मुले आत. काही रोग असेल तर लेकरांना लागेल म्हणून. भाऊ काही बोलला नाही. माझा अर्धा कागद त्याने रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवला, आणि भावजयीने तो पंचांगाच्या खिळ्याला अडकवला. सकाळी ताट आत आले.

मला अभिमान वाटला. हे लिहायला मला लाज वाटते, पण वाटला.

त्यानंतर चार दिवसांनी दुपारी माझ्या फोनवर एका अनोळखी नंबरावरून फोन आला. तरुण बाईचा आवाज होता. तिने ह्या माझ्या बाईचे नाव घेतले आणि आहेत का विचारले. मी म्हटले, ती सकाळी येते, काय काम आहे? "त्यांच्याशीच बोलायचं आहे, मॅडम," ती म्हणाली. मी कोण, कुठली शिक्षिका, सगळे सांगितले. "हो मॅडम. पण त्यांच्याशीच बोलायचं आहे. उद्या सकाळी करते." आणि तिने फोन ठेवला. शाळेतल्या कारकुनालाही मी इतक्या सहज जाऊ दिले नसते.

सकाळी मी विचारले, तुला कोणी फोन केला होता?

तिने पोळपाटावरून नजर वर केली नाही. "दवाखान्यातली पोरगी असन. घरी येकच फोन हाये, तो भावाजवळ राहते. म्हणून मी तुमचा नंबर देल्ला. तुमाले इचारलं नाई."

"त्यांना काय हवं आहे?"

"गोळ्या न्यायले नाई गेली मी."

गोळ्या अठ्ठावीस दिवसांच्या होत्या. दवाखान्याने पहिल्या सात दिवसांच्या हातात दिल्या होत्या, उरलेल्या येऊन न्यायच्या होत्या. रोज, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या. त्या गोळ्यांनी तिला मळमळायचे, अन्न जायचे नाही. सात दिवसांच्या संपल्या तेव्हा घरात माझा कागद खिळ्याला होता. भावजय म्हणाली, काही नाही तर गोळ्या कशाला? तिलाही तेच वाटले.

"त्या मुलीनं तुला सांगितलं नव्हतं, का घ्यायच्या ते?"

"सांगतलं होतं जी. चांगलं अर्धा घंटा सांगतलं. म्हणे रिपोर्ट चांगला आला तरी घ्या." तिने पीठ लावलेले हात गुडघ्यावर ठेवले. "पन तुमी लिवून देल्लं."

मी तिला चप्पल घालायला सांगितले. गॅस बंद केला आणि आम्ही ऑटोने दवाखान्यात गेलो.

ती मुलगी, म्हणजे समुपदेशक, एका छोट्या खोलीत बसत होती. भिंतीवर आंब्याच्या झाडाचे कॅलेंडर होते. आधी तिने माझ्या बाईला एकटीला आत घेतले. मग तिला विचारून मला बोलावले. तिने मला दोष दिला नाही, कारण मी काय केले ते तिला माहीतच नव्हते. मीच सांगितले. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पहिला रिपोर्ट त्या दिवसाचा नसतो. त्याच्या आधीचा असतो. या आधी निरोगी होत्या, एवढंच त्यानं कळते. त्या दिवशी काही लागलं असेल तर रक्तात दिसायला वेळ लागते."

माझी बाई मध्येच बोलली. "परह्यासारखं हाये जी, धानाच्या रोपासारखं. धान टाकलं तं दुसऱ्या दिवशी बांधीत काय दिसते? पानीच दिसते."

"बरोबर," ती मुलगी म्हणाली. "मावशीला सगळं समजलं होतं."

मावशीला समजले होते. तिच्या शब्दापेक्षा माझा शब्द मोठा म्हणून तिने समजलेले बाजूला ठेवले. त्या खोलीत हे तिघींनाही कळले.

त्या तीन अक्षरांचा अर्थ मला तिथे कळला. बहात्तर तासांच्या आत सुरू केले तर एचआयव्हीला अंगात घर करू न देणारे औषध. तिने ते वेळेत सुरू केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच, स्वतःच्या पायांनी जाऊन. मग माझ्यामुळे चार दिवस सुटले. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू करायला सांगितले, आता पुरते अठ्ठावीस दिवस. कावीळ होऊ नये म्हणून इंजेक्शनही चालू होते. मी विचारले, मधल्या चार दिवसांचे काय? डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "ते आज कोणी सांगू शकत नाही. सहा आठवड्यांनी बघू, तीन महिन्यांनी बघू."

बाहेर आल्यावर मी म्हटले, "मी आज तुझ्या घरी येते. माझी चूक झाली म्हणून तुझ्या भावाला सांगते. तो कागद काढून घेते."

ती थांबली. दवाखान्याच्या फाटकाजवळ माणसांची ये-जा चालू होती. "नोका जी," ती म्हणाली. "ताट पुन्हा बाहेर येईन."

"पण मी लिहिलं ते खरं नाही."

"राहू द्या नं खोटं. तुमचं काय जाऊन राहिलं?"

जात होते ते तिला सांगण्यासारखे नव्हते. माझी सही खाली असलेला चुकीचा कागद कारध्याला एका घरात खिळ्याला लटकलेला होता, रोज त्याच्याखाली माणसे जेवत होती, आणि तो तसाच राहू देणे हीच मी तिला करू शकेन अशी मदत होती.

गोळ्या माझ्याकडे ठेवायच्या ठरल्या. स्वयंपाकघरातल्या फळीवर, रव्याच्या डब्यामागे. पोट भरून घेतल्या की मळमळ कमी होते असे त्या मुलीने सांगितले होते, म्हणून ती आली की मी आधी तिला गरम भात-वरण वाढायचे. नऊ वर्षे ती मला वाढत होती. पहिल्या दिवशी तिला ते फार अवघड गेले. ताट हातात घेऊन उभीच राहिली. मी म्हटले, बस. ती पाटावर बसली, मी खुर्चीवर. मग मीही दुसरा पाट घेतला. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत, उठताना तिलाच हात द्यावा लागला.

"कायले बसता जी खाली," ती म्हणाली. "मग मलेच दोन कामं."

बरोबर साडेआठला गोळी. मी समोर बसून पाहायचे आणि वहीत खूण करायचे. सुटी नव्हती. रविवारीसुद्धा ती पूल ओलांडून यायची. काही दिवस गोळीनंतर ती मोरीत जाऊन बसायची. मी दाराबाहेर पाण्याचा तांब्या धरून उभी राहायचे. आम्ही त्या दिवसाबद्दल एकदाही बोललो नाही. मला विचारायचे नव्हते आणि तिला सांगायचे नव्हते, असे मी म्हणत असे. खरे म्हणजे मला विचारता येत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिची भावजय आली. मी तिला लग्नाकार्यात पाहिले होते, एवढीच ओळख. हातात लाखोरीच्या भाजीची जुडी होती. पंख्याखाली बसली, पाणी प्यायली, घरभर पाहिले.

"येवढ्या घरात तुमी येकट्याच जी?"

"एकटीच."

"भेव नाई लागत?"

"सवय झाली."

तिने पदराने तोंड पुसले. "म्याडम, रविवारी बी सैंपाक असते काय तुमच्या इथं?"

"मी रविवारीही जेवते," मी म्हटले.

ती हसली. हसताना ती एकदम कोवळी दिसली, तिशीचीही नसेल. "तसं नाई जी. ती उलट्या करून राहिली. मले वाटलं दिवस गेले."

"नाही. तसं काही नाही."

"मंग काय हाये?" आता ती हसत नव्हती. "तुमी लिवून देल्लं म्हणून मी ताट येक केलं. शेजारच्या बाया मले काय काय म्हणतेत, मी आयकून घेतो. पन माह्ये दोन लेकरं हायेत जी. मी वाईट बाई नाई."

"एका ताटात जेवून, एका माठातलं पाणी पिऊन यातलं काहीही लागत नाही," मी म्हटले. "कोणाला काही असलं तरीसुद्धा लागत नाही. हे मी तुला लिहून देऊ का?"

"म्हणजे हाये."

"मी तसं म्हटलं नाही."

"मंग नाई हाये?"

हो की नाही एवढेच सांग, पुढचे नंतर, असे मी वर्गात मुलांना म्हणायचे. आता ती पोर मला तेच म्हणत होती. मी समोर ठेवलेल्या भाजीकडे पाहिले आणि म्हटले, "माझा कागद आहे ना तुझ्याजवळ?"

"हाये जी. खिळ्याले हाये."

"मग?"

"तुमी लिवलं तं खरंच असन," ती म्हणाली आणि उठली. दारात चप्पल घालताना वळली. "मी आली होती म्हणून तिले सांगू नोका."

मी मान हलवली. आता दोघींनीही मला एकमेकींपासून लपवायला सांगितले होते. संध्याकाळी तुमच्या आईचा फोन आला. काय चाललंय, तिने विचारले. लाखोरीची भाजी निवडते आहे, मी म्हटले. ते तेवढेच सांगता येण्यासारखे होते.

अठ्ठावीस गोळ्या संपल्या. सहा आठवड्यांच्या तपासणीत काही निघाले नाही, पण त्या मुलीने आधीच सांगितले होते की अजून निश्चिंत व्हायचे नाही. गोळ्या संपल्यावर तिने माझ्याकडे जेवणे बंद केले. पुन्हा आधीसारखी यायची, पोळ्या करायची, जायची. बदलले ते माझे. ती खोकली की मी पेपर खाली करायचे. कपाळाला हात लावला की विचारायचे, ताप आहे का? तिच्या गळ्याजवळ पुरळ उठले होते, ते मी दोन दिवस लांबून पाहत होते. निवडुंगाचा काटा लागला तरी मी आठवडाभर त्या बोटाकडे पाहिले असते. मला वाटत होते ही काळजी आहे. तव्याशी बोलणे तिने कधी बंद केले ते मला नेमके सांगता येणार नाही.

तीन महिने झाले तेव्हा माघ संपत आला होता. रक्त आदल्या दिवशी देऊन झाले होते. रिपोर्ट घ्यायला मी तिच्याबरोबर गेले. खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. शेजारी एक म्हातारा नातवाचा एक्स-रे उजेडाला धरून पाहत होता. मला पाहून म्हणाला, "बाई, वाचता येते काय जी तुमाले?" मी म्हटले, "नाही." माझी बाई माझ्याकडे वळली.

तिला आत बोलावले. मीही उठले. तिने हाताने मला थांबवले. "मी येकटीच जातो."

दार लागले. मी त्या बाकावर किती वेळ होते ते घड्याळात पाहिले नाही, आणि मी घड्याळ न पाहणारी बाई नाही. ते चार दिवस मी मनात पुन्हा पुन्हा मांडत होते. मी जर त्या मुलीला फोन करून विचारले असते. मी जर लिहिले असते की अमुक शब्द मला समजला नाही, डॉक्टरांना विचारावे. एका ओळीची जागा त्या अर्ध्या कागदावर शिल्लक होती.

ती बाहेर आली. हातात कागद नव्हता, तो तिने ब्लाउजमध्ये ठेवला होता. चेहऱ्यावरून काही कळेना. ती पुढे चालू लागली, मी मागे. फाटकाबाहेर ऑटोजवळ येऊन ती म्हणाली, "नाई निघालं."

"काहीच नाही?"

"एचआयव्ही नाई, बाकीचं बी नाई. सहा महिन्यानं अजून येकदा या म्हणे, मंग संपलं."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला. थोड्या वेळाने सोडवून घेतला आणि म्हणाली, "मी आता कामावर येनार नाई जी. आंबागडले मावशी हाये माही. तिच्या इथं जातो."

मी म्हटले, तिथे काय करशील? मोहफूल वेचीन, मंग तेंदूपत्ता, ती म्हणाली. मी म्हटले, कारध्याला राहायचे नसेल तर माझ्याकडे राहा, मागची खोली रिकामी आहे, दोघींना सोबत होईल. मी हे आधी ठरवले नव्हते. बोलताना मात्र मला कळले की मी किती दिवस ते मनात धरून होते, आणि त्यात सोय तिच्याइतकीच माझीही होती.

तिने नकार द्यायला वेळ घेतला नाही. "नाई जी. तुमी मले दिवसभर पाहून राहता."

"मला काळजी वाटते."

"हो जी. मले माहीत हाये." ती ऑटोत बसली आणि सरकून मला जागा केली. "वैनी ताटाले पाहे, तुमी मले पाहता. मावशीले काहीच माहीत नाई. तिथं मी फक्त मोहफूल वेचनारी."

ऑटो माझ्या दारात थांबला. ती उतरली नाही, तशीच पुढे पुलाकडे गेली.

दुसरी बाई लावा, असे सगळे म्हणाले. मी लावली नाही. माझ्यापुरते मी करते. इंग्रजी कागद अजून येतात. आता मी वाचून तोंडी सांगते, आणि दवाखान्याचा असेल तर वाचतही नाही. लोकांना वाटते, बाईंचे डोळे गेले. मी तसे वाटू देते.

सहावा महिना वैशाखात येत होता. मी तारीख मांडून ठेवली होती, तिला मात्र कळवले नाही. तपासणीला येईल तेव्हा ती घरी येईल, असे मी धरून चालले. त्या आठवड्यात रोज सकाळी थोडी जास्त भाजी चिरत होते. गुरुवारी साडेअकराला फोन वाजला. मागे एसटीचा भोंगा आणि तुमसरच्या गाडीची घोषणा ऐकू येत होती.

"बाई, झालं जी," ती म्हणाली. "शेवटचं होतं. काही नाई निघालं. आता यायचं काम नाई म्हणे."

"नीट विचारलंस ना? सगळ्या तपासण्यांचं?"

"त्या पोरीनं येकेक वाचून सांगतलं. मी बी दोनदा इचारलं."

"जेवून जा. मी भात टाकते आहे."

"बस लागली जी. मावशी येकटी हाये, पानं वाळू घातले हायेत." मग म्हणाली, "तुमी जेवल्या काय?"

"जेवते आता."

"जेवा जी," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

तांदूळ मी दोघींचे धुतले होते. तेवढेच शिजवले. अर्धा भात दुपारी खाल्ला, उरलेला संध्याकाळी फोडणी देऊन.